टाचण्यांची रेघ

परवा लेक आली ती हातात दुकानातला स्कर्ट घेऊन. "आई, दोन बोटं आखूड करून दे."

"शिंपिणीची लेक आणि तयार कपडा! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी आता थकली." जीभ माझीच घेतलीय तिनं.

ती लाकडी पेटीवर उभी राहिली. लहानपणापासून ह्याच पेटीवर उभी राहते. मी खाली बसले, टाचण्या ओठांत धरल्या, आणि जुनं गाणं आपसूक वर आलं:

सुई माझी बाई, दोरा तिचा भाऊ,
हात धरून चालू, पुढं नको जाऊ.

माझंच रचलेलं. एक ओळ संपली की एक टाचणी, आणि तिनं अर्धं पाऊल वळायचं. ओठांत टाचण्या असल्यानं गाण्याचं नुसतं हुंहुं व्हायचं. तिला खुदकन हसू यायचं, पण पाय हलायचे नाहीत. कपड्याचा घेर टाचून होईतो पोर खांबासारखी उभी.

अकराव्या वर्षी तिच्याशी भिंत बोलायला लागली. आम्हाला काही ऐकू यायचं नाही, ती मात्र कानांवर उशी दाबून बसायची. त्याच आठवड्यात मी तिला रात्रीचा झगा शिवला. पेटीवर उभी राहून रडत होती, तरी गाण्याच्या तालावर वळत होती.

तिचे बाबा केस कापायचे, गिऱ्हाइकांना हसवायचे. म्हणाले, "भिंतींना कान असतात म्हणे. आपल्या भिंतीला तर तोंड फुटलं." आणि चष्मा पुसत बसले.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. आठ दिवसांत भिंत गप्प झाली. आमच्या जिवात जीव आला, आणि मग तिचे पाय सुटले. दोन घास खाल्ले की उठायची, दारापर्यंत जायची, खिडकीशी यायची, बसायची, पुन्हा उठायची. बाई म्हणाल्या, "आजाराचीच घालमेल आहे. डोस वाढवू."

मी मापाची बाई. आठला गोळी म्हणजे आठला. ती दात आवळायची.

"आई, गोळीनं पाय पळतात."

"बहाणे नकोत." मी हनुवटी धरायची. "तुझ्याच भल्यासाठी आहे ना, बाळा?" ह्याच हातांनी धरायची.

शाळा उघडायची होती. निळ्या फ्रॉकची दुमड सोडून नवी घालायची म्हणून भर दुपारी तिला पेटीवर उभं केलं. गाणं सुरू केलं, पण पहिली ओळ संपायच्या आत तिचे पाय जागच्या जागी चालायला लागले. दुसरी टाचणी पोटरीत घुसली. "नीट उभी राहा!" मी पोटरीवर चापट मारली.

तिनं खाली पाहिलं. "आई, मी उभीच आहे गं. पाय चाललेत."

कसाबसा घेर टाचला. फ्रॉक टेबलावर पसरला, तर टाचण्यांची रेघ वर, खाली, पुन्हा वर. मी कपाटातून रात्रीचा झगा काढून शेजारी ठेवला. भिंत सगळ्यात जास्त बोलत होती तेव्हाचा झगा, आणि त्याची शिवण पट्टीनं आखल्यासारखी. आजारानं पाय हलत असते, तर ही शिवण सरळ कशी आली असती?

टाचण्या न काढता दोन्ही कपडे घेऊन तिघं दवाखान्यात गेलो. बाईंनी फ्रॉक उचलला आणि बोट टोचून घेतलं.

"जपून," तिचे बाबा म्हणाले. "आमच्या घरचे पुरावे जरा अणकुचीदार असतात."

बाई हसल्या नाहीत. कितीतरी वेळ दोन्ही घेर पाहिले, मग पहिल्यांदाच पोरीकडे वळल्या. "पायांना काय होतं, सांगशील?"

"आतून कुणीतरी पळतंय. मी बसले की ते ओरडतं."

"कधीपासून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर द्यायला परवानगी मागत होती पोर. ती नजर अजून उतरली नाही माझ्यावरून.

"ती सांगत होती," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

"मीही ऐकलं नाही," बाई म्हणाल्या. "हे गोळीनंच होतंय."

त्यांनी गोळी हळूहळू उतरवली, दुसरी दिली. त्या दुसरीनं पोर दिवसभर झोपायची. मधे भिंतही पुन्हा कुजबुजून गेली. तिसरी अंगाला बसली, तोवर फ्रॉकची दुमड आणखी एकदा सोडून झाली होती. पण त्यानंतर गोळी देताना मी आधी विचारायची, "काल कशी होतीस?" आणि उत्तर येईतो पाण्याचा पेला पुढं करायची नाही.

"आई, कुठं हरवलीस? टाचणी टोचली मला."

"हलली असशील."

"मी?" ती पेटीवरून उतरली, माझ्यासमोर बसली. माझ्या बोटांतली टाचणी थरथरत होती. "हे कधीपासून?"

"वय झालं, दुसरं काय."

"आई."

"तुझे बाबा गेल्यावर मन लागेना म्हणून गोळी सुरू केली ना, तिचा डोस वाढवला, तेव्हापासून वाटतं." मी घाईघाईनं म्हटलं, "बहाणा नाही हं करत."

माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला, तो थरथरायचा तेवढा थरथरू दिला. स्कर्टची रेघ चांगलीच वाकडी आली होती. मी टाचण्या उपसायला गेले, तशी म्हणाली, "राहू देत. उद्या हा असाच घेऊन तुझ्या डॉक्टरांकडं जायचंय. आणि जपून दे हं त्यांच्या हातात."