पंपघरातलं शून्य

सांडपाण्याच्या पंपघरात जायचं म्हटलं की हल्ली माझे पाय जड होतात. वयाचा भाग असेल, नाहीतर कंटाळ्याचा. त्यात त्या दिवशीची तक्रार माझ्या धाकट्या भावाबद्दल होती. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी ऑफिसात म्हणून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतंच.

भाऊ तिथे पंप चालवतो. घरात त्याला आम्ही कुरकुऱ्या म्हणतो, कारण लहानपणापासून त्याला कशाचा ना कशाचा वास येत आलाय. दुधाला वास येतो, उशीला वास येतो, मामाच्या मोज्यांना तर येतोच. मोज्यांबद्दल त्याचं खरं होतं, पण तेवढ्यावरून बाकीचं कोण खरं मानणार? आता त्याने विषारी वायूचा वास येतोय म्हणून दोनदा पंप बंद केले आणि बाहेर येऊन बसला. खालच्या रस्त्यावर घाण पाणी तुंबलं, लोकांनी बोंबाबोंब केली. भिंतीवरची वायू मोजणारी पेटी दोन्ही वेळा शून्य दाखवत होती. त्याच्या साहेबांनी त्याला नोकरीवरून काढायचं जवळजवळ ठरवलंच होतं. फक्त पेटी बरोबर आहे, असं ती बसवणाऱ्या कंपनीकडून लेखी हवं होतं. कंपनी म्हणजे मी.

भाऊ फाटकापाशी एका पालथ्या क्रेटवर बसला होता.

“आलीस ताई? बरं झालं.”

“बरं काय त्यात? नीट सांग, झालं काय?”

“बाहेरून आत शिरलो की वास येतो. थोड्या वेळाने येत नाही. मग डोकं धरतं. तुझी पेटी मात्र तोंड उघडत नाही.”

“वास येतो आणि मग येत नाही! साहेबांना असंच सांगितलंस?”

“हो.”

“धन्य आहेस,” मी म्हटलं, आणि हसले. चिडायलाही अंगात जोर लागतो.

आत पाऊल टाकलं तर दुर्गंधी नाकात शिरली. पण सांडपाण्याच्या पंपघरात अत्तर कोण शिंपडणार? नाकाला रुमाल लावून मी पेटी उघडली. तिचं काम तसं साधं. वायू लागला की संवेदकात, म्हणजे सेन्सरमध्ये, अगदी बारीकशी वीज तयार होते आणि आतली चिप त्या विजेचा आकडा करते. पण उन्हाने, थंडीने, वयाने चिपचाही आकडा सरकतो. म्हणून पेटी चालू होताना ती स्वतःला तपासते. आधी शून्य बघते, मग ठरलेलं एक व्होल्टेज बघते, आणि जेवढी चूक सापडेल तेवढी दुरुस्त करून घेते. पूर्वी आम्ही फिरतीवरची माणसं तपासणीच्या वायूचं सिलिंडर खांद्यावर घेऊन हिंडायचो. या नव्या पेट्या आल्या आणि कंपनीने सिलिंडर देणंच बंद केलं. माझा खांदा तेव्हा खूश झाला होता.

तपासलं ते सगळं बरोबर निघालं. वायर ठीक, व्होल्टेज ठीक, पडद्यावर शून्य. मी स्टुलावर बसून कागद गुडघ्यावर घेतला आणि ‘उपकरण योग्य’ असं लिहून टाकलं. आता आईला काय सांगायचं, हा विचार करत सही करायला पेन टेकवलं, तेव्हा लक्षात आलं की रुमाल केव्हाचा मांडीवर पडलाय. आणि वास येत नव्हता.

मी उठून बाहेर गेले. बरंच फिरून, छाती भरून हवा घेऊन परत आत आले. वास दारातच तोंडावर आला.

तेवढ्यात एक पंप आपोआप बंद होऊन दुसरा सुरू झाला. क्षणभर वीज गेली. पेटी विझली, पुन्हा लागली. ‘शून्य घेत आहे’ अशी अक्षरं आली, आणि मग ‘सर्व ठीक’.

शून्य घेत आहे, पण कुठल्या हवेत? जुनी पेटी शून्य घेताना संवेदक बाजूला काढून फक्त चिपचं शून्य बघायची. नवी संवेदकासकट बघते. म्हणजे समोर असेल ती हवा स्वच्छ धरायची आणि तिथून पुढे मोजायचं. इथे दर वेळी पंप बदलला की वीज जाते, आणि ही पेटीबाई डोळे उघडते ती या घाणीत. माझ्या नाकाने तरी वेगळं काय केलं होतं?

मी पेटी खुंटीवरून काढली, पिशवीतल्या बॅटरीला जोडली आणि फाटकाबाहेर, वारा येत होता त्या बाजूला नेऊन चालू केली. तिथे तिने शून्य घेतलं. मग ती हातात धरून मी परत निघाले. दारात आकडा हलला. पंपापर्यंत पोचायच्या आत भोंगा वाजायला लागला. मी पंप बंद करून बाहेर पळाले. अशा पेट्या मीच किती ठिकाणी लावल्यात, तेही आठवलं.

साहेबांना फोन केला. ते आधी माझ्यावर उखडले, मग पेटी दारात धरून भोंगा ऐकवला तेव्हा कुणाला आत सोडू नका म्हणाले.

भाऊ क्रेटवरून उठलासुद्धा नाही. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

“आता पेटी ओरडली म्हणून सगळे धावतील,” तो म्हणाला. “मी ओरडत होतो तेव्हा तूपण हसलीस, ताई.”

“हसले रे. चुकलं माझं.” मला त्याच्याकडे बघवेना.

“तुला वास आला?”

“आला.”

“मग आधी ते लिही. मला वास आला होता, हे वर. पेटीचं खाली.”

कंपनीच्या कागदावर वासाला जागा नाही. मी ‘उपकरण योग्य’ खोडलं आणि अगदी वर, कंपनीच्या नावाशेजारी लिहिलं, ‘पंपचालकाला वास येत होता. तो खरं सांगत होता.’

त्याने कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला.

“अक्षर काय हे,” तो कुरकुरला. “साहेबांना वाचता येईल का?”

मी नवा कागद काढला आणि तीच ओळ पुन्हा, सुवाच्य अक्षरात लिहिली.