आमच्यातल्या एकासाठी

रुमालाच्या घड्या एकेक करून उलगडत गेल्या आणि शेवटच्या घडीत ती दिसली—वरच्या जबड्याची कवळी, गुलाबी, जराशी ओलसर, आणि समोरच्या दोन दातांमध्ये तिने मुद्दाम ठेवलेली केसाएवढी फट. अगदी सरळ रांग खोटी दिसते, थोडं उणं ठेवलं की खरं वाटतं, असं तिनेच त्यांना समजावलं होतं, आणि त्यावर ते म्हणाले होते, "पण माझ्या खऱ्या दातांत फट नव्हती." तेव्हा तिला हसू यायला हवं होतं. आलं नव्हतं.

"टोचतं," ते म्हणाले. दात नसल्यामुळे तोंड आत गेलेलं, शब्द मऊ, भिजल्यासारखे. "त्याच जागी."

"बसा काका," ती म्हणाली.

ते बसले. काही न बोलता बसले. दातांच्या दवाखान्यामागच्या या खोलीत, प्लॅस्टरचे साचे आणि मेणाच्या वासात, ते याआधी तीनदा येऊन बसले होते आणि दर वेळी बसायच्या आधीच त्यांचं काही ना काही सुरू झालेलं असायचं—पण हा दिवा असा डोळ्यांवर का, पण मेण गरम करताना वाकत नाही का, पण डॉक्टरीणबाई म्हणतात आठवड्यात सवय होईल, ती कुणाला, मला की हिरडीला? त्यांना पणकाका हे नाव तिनेच दिलं होतं. एकदा घरी बोलताना सहज तोंडातून निघालं आणि नवऱ्याला ते इतकं आवडलं की आठवड्याच्या प्रार्थनेच्या बैठकीला निघताना तो विचारायचा, "आज पणकाका येणार का गं?" मग ते नाव कसं कोण जाणे बैठकीतल्या मुलींपर्यंतही पोचलं. कसं कोण जाणे म्हणायचं आपलं. मीच सांगितलं.

ती पेटीतून कापूस काढायला वळली. कापूस... हे करायचं ठरवून ती वळली नव्हती, हात वळला. कवळीच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवायचा, कुठे खडबडीत असेल तर तंतू अडकतात, डोळ्याला न दिसणारं कापसाला कळतं—ही या कामातली पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट. तिने ती नव्या येणाऱ्या सगळ्यांना शिकवली होती. आणि यांच्या कवळीवर तीन खेपांत एकदाही केली नव्हती. दर वेळी कवळी दिव्याखाली धरली होती, उलटसुलट केली होती आणि "काही नाहीये काका, सवय होईल" म्हणून परत दिली होती. कारण ती त्यांना ओळखत होती. ज्याला समोरच्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते त्याला तोंडातल्या गोष्टीत दिसणारच, असा तो सरळ हिशोब होता, आणि तो इतका सरळ होता की तो आपण केला आहे हेही तिला कधी जाणवलं नव्हतं.

कापूस अडकला. मागे, डावीकडे, दाढेच्या जरा आत. तिने बोळा ओढला आणि दोन-तीन पांढरे तंतू तिथेच राहिले.

तिने बोटाचं टोक लावलं. एक कण. खसखशीच्या दाण्याएवढा, पण टोकदार. तो कसा झाला हेही तिला तत्क्षणी कळलं: साचा ओतताना प्लॅस्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, त्या पोकळीत कवळीचा मसाला शिरला आणि तिथेच घट्ट झाला. डॉक्टरीणबाईंचं माप बरोबर होतं, काकांचं तोंड बरोबर होतं. साचा तिने ओतला होता.

"तोंड उघडा बघू."

हिरडीवर, बरोबर त्या जागी, लालभडक जखम होती, कडेने पांढुरकी झालेली. जेवताना काय होत असेल याचा तिने विचार केला आणि मग करायचा थांबवला... म्हणून काल ते कवळी काढून बसले होते तर. काल संध्याकाळी, बैठकीत, पहिल्या रांगेत, आत गेलेलं तोंड घेऊन. आणि मला वाटलं होतं की हे मला दाखवण्यासाठी. सगळ्यांसमोर, बघा हिने केलेले दात, खिशात ठेवायच्या लायकीचे—मला खरोखर असं वाटलं होतं, आणि त्या रागाच्या जोरावरच मी बोलायला उभी राहिले होते.

विषय होता अवघड माणसं. गेले काही आठवडे ती त्याच विषयावर बोलत होती आणि लोकांना ते आवडत होतं, तिलाही आवडत होतं. देवाने आपल्याला दोन कान दिले ते कशासाठी, माणूस तिरका बोलतो तेव्हा त्याच्या आत काय दुखत असतं, उत्तर देण्याआधी एक श्वास घ्यावा. ऐकणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे—हे वाक्य तिला एकदा भांडी घासताना सुचलं होतं, आणि ते म्हणताना आपला आवाज थोडा खाली येतो, मग पूर्ण खोली शांत होते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या खेपेला तो तिने जाणूनबुजून खाली आणला.

काल तिने मावसबहिणीच्या शेजारणीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण माणसं रात्रंदिवस प्रार्थना करत राहिली, एका क्षणासाठीही कुणाच्या मनात शंका आली नाही, आणि ती बाई उठून बसली. खोलीत कुणीतरी "आहा" केलं. आणि मग ते—दात नसलेलं, फुसफुसतं—"पण ताई, ज्यांची माणसं उठली नाहीत, त्यांची प्रार्थना कमी पडली असं म्हणायचं का?"

तिने श्वास घेतला नव्हता. उत्तरही दिलं नव्हतं. ती गोड हसली होती आणि म्हणाली होती, "चला, आपण डोळे मिटू या."

"उघडंच ठेवा काका," ती आत्ता म्हणाली आणि जखमेला मलम लावलं. त्यांनी डोळे मिटले होते. दुखत असणार, पण ते हलले नाहीत.

काल त्या डोळे मिटलेल्या खोलीत आपला एकटीचा आवाज. देवा, आमच्यातल्या एका जिवाला संशयाने पोखरलं आहे. त्याच्या जिभेला तू लगाम घाल. त्याचं मन मऊ कर. दुसऱ्याच्या श्रद्धेला नख लावण्यात त्याला जो आनंद वाटतो तो तू काढून घे... केवढी सुंदर भाषा. एकही शब्द अडखळला नाही. समोर त्यांच्या तोंडावर जे बोलायची हिंमत नव्हती—बोलले असते तर ते "पण" म्हणाले असते, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं—ते मी देवाला मध्ये घालून बोलले, अशा जागी उभं राहून की तिथे कुणाला उलट बोलता येत नाही. सगळे म्हणाले, "तसंच होवो." त्यांचंही आलं, सगळ्यांच्या जराशा मागून, भिजलेलं, आणि मुली खुदकन हसल्या.

आणि दाराजवळच्या खुर्चीवर कपडे शिवून देणाऱ्या बाई होत्या. त्यांची मुलगी गेली त्याला वर्ष व्हायचं आहे. तिच्यासाठी त्याच खोलीत सगळ्यांनी प्रार्थना केली होती, मीही केली होती, रडून केली होती. काकांनी तो प्रश्न विचारला तेव्हा त्या बाईंनी मान वर केली होती. माझी गोष्ट चालली होती तितका वेळ ती मान खाली होती, आणि त्या एका प्रश्नाला वर आली, आणि मी डोळे मिटू या म्हटल्यावर परत खाली गेली. हे तिने पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच तर आत्ता आठवतं आहे. ते शंका काढत नव्हते, ते त्या बाईंच्या वतीने विचारत होते, आणि हे त्या खोलीत फक्त त्या बाईंना कळलं.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. लाज अशी अंगावर येते हे ती विसरलीच होती. पुष्कळ दिवसांत तशी वेळ आली नव्हती, ती इतरांना समजावण्यात असायची.

तिने घासायचं छोटं यंत्र सुरू केलं. कण जायला काही क्षणसुद्धा लागले नाहीत. पुन्हा कापूस फिरवला, तो गुळगुळीत सरकला. इतकंच होतं.

रात्री नवरा जेवताना म्हणाला होता, "आज तू देवाकडे सरळ तक्रारच नोंदवलीस की त्यांची."

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"नाव कशाला लागतंय? आपल्याकडे शंका विचारणारी माणसं आहेत किती?" तो हसत होता, तीही हसली, आणि मग तिला छान झोप लागली. याचीच तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटली—त्या झोपेची.

कारण बैठक संपल्यावर ती खुर्च्या एकावर एक रचत असताना ते जवळ आले होते. हलक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले होते, "ताई, ते कोण आहेत हो, ज्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीत? नाव सांगू नका, नको. पण फार एकटं वाटत असेल त्यांना. मलाही संशयाची सवय आहे, मला समजेल त्यांचं. काही लागलं तर मला पाठवा त्यांच्याकडे." आणि तिने खुर्ची उचलता उचलता म्हटलं होतं, "हो काका. बघते."

बघते!

"लावा आता," ती म्हणाली आणि कवळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडात बसवली, जीभ मागे नेली, डावीकडे नेली, थांबले. चेहरा भरला. ते एकदम दहा वर्षांनी लहान आणि थोडे अनोळखी दिसले.

"नाही टोचत," ते म्हणाले.

"आत एक कण राहिला होता." ती एवढं बोलली आणि तिला कळलं की वाक्य अर्धंच झालं आहे. कण राहिला होता, जणू तो आपणहून येऊन राहिला होता. "माझ्याकडून राहिला होता. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतात. मी नीट पाहिलंच नाही."

आता ते म्हणतील, पण मग तीन वेळा दिव्याखाली धरून काय पाहिलंत? ती त्याची वाट पाहत होती. जवळजवळ आशेने पाहत होती.

"होतं असं," ते म्हणाले.

ती म्हणाली, "साठपासून मोजा बघू."

दात बसवले की हे मोजून घ्यायचं असतं, साठ, एकसष्ट, बासष्ट... 'स' शिट्टीसारखा येतो का ते कळतं. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, पण साठपासूनच का, माझं वय झालंय म्हणून का? आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आज त्यांनी मोजलं. साठ, एकसष्ट, बासष्ट, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखं, समोरच्या भिंतीकडे बघत. ती थांबा म्हणायला विसरली आणि ते पंच्याहत्तरपर्यंत गेले.

"बरोबर येतंय?" त्यांनी विचारलं.

"छान येतंय."

ते उठले. रुमाल घडी करून खिशात घातला. मग जरा घुटमळले.

"ताई, तुमच्या त्या माणसासाठी आज सकाळी मीही प्रार्थना केली. तुमच्यासारखे शब्द मला येत नाहीत. एवढंच म्हटलं, त्याचं कुणीतरी ऐकून घेवो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत, शोधत. त्यांना कळलं आहे का? काल कळलं नव्हतं आणि रात्री अंथरुणावर कळलं, का खुर्च्यांपाशी विचारलं तेव्हाच कळलेलं होतं आणि ते मला एक संधी देत होते, आत्ताही देत आहेत? त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, नवे दात होते आणि त्यामागे एक म्हातारा माणूस होता. कळलं नसेल तर मी एका भोळ्या माणसाला त्याच्याच विरुद्ध "तसंच होवो" म्हणायला लावलं. कळलं असेल तर... कळलं असेल तर त्या पुढचं तिला विचारातसुद्धा म्हणता येईना.

"काका, तो माणूस—" ती म्हणाली.

"नको, नको." त्यांनी हात वर केला. "त्याचं त्याला राहू द्या."

दारापर्यंत जाऊन ते वळले.

"पुढच्या बैठकीला मी आलो तर चालेल ना, ताई?"

"असं काय विचारता? या ना."

"मागेच बसेन. मध्ये बोलणार नाही."

दार लोटलं गेलं. बाहेर डॉक्टरीणबाईंचा आवाज, कुणाला तरी चूळ भरायला सांगणारा. तिने पुढचा साचा ओढला, प्लॅस्टरमध्ये पाणी घातलं आणि ढवळायचा चमचा हातात धरून तशीच उभी राहिली.

मध्ये बोलणार नाही. जिभेला लगाम घाल, मन मऊ कर. शब्दन् शब्द तसं झालं होतं, एका रात्रीत. इतक्या वर्षांत तिने मागितलेलं इतकं तंतोतंत कधीच मिळालं नव्हतं, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीसाठी मागितलेलं तर नाहीच. आणि पुढच्या आठवड्यात ती बोलायला उभी राहील, गोष्ट सांगेल, कुणीतरी "आहा" करेल, आणि मागून कुठूनही तो शब्द येणार नाही, आणि दाराजवळची ती मान खाली असेल ती खालीच राहील.

घाईने, कुणी यायच्या आत, तिने डोळे मिटले. शब्द नेहमी तयार असायचे, आज एकही पुढे आला नाही. मागितलेलं मागे कसं घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, की काल देवाचं माझ्याकडे लक्ष नसू दे.

भांड्यातलं प्लॅस्टर घट्ट होत चाललं होतं. ती ढवळत नव्हती.