दुबार नोंद

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'चाळणी' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा कधी राग आला नाही. राग मला पसाऱ्याचा येतो. रस्ते खात्यात तेवीस वर्षं काढली आणि पसारा म्हणजे काय ते पुरतं पाहिलं. एकाच पुलाची तीन नावं, वारलेल्या निरीक्षकाच्या सहीने आलेले अहवाल, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पूल बरा आहे, रस्त्यात कुत्री फार' असली साहित्यसेवा.

सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की सगळ्या रस्त्यांचा आणि पुलांचा दहा वर्षांचा देखभाल आराखडा करा. कोणता पूल आधी दुरुस्त करायचा, कोणता थांबू शकतो, हे यापुढे कुणाच्या ओळखीवर नाही तर आकड्यांवर ठरणार होतं. मला हे मनापासून पटलं होतं, आजही पटतं. पण त्यासाठी आपल्याकडे मुळात किती पूल आहेत हे कळायला हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. यादी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी डोळ्यांत तेल घालून ते केलं. दोनशे चौदा दुबार नोंदी शोधून काढून टाकल्या. साहेबांनी भर सभेत पाठ थोपटली.

तेव्हापासून निरीक्षक यादी घेऊन निघतात, यादीतल्या पुलावर जातात, बाकी कुठे बघत नाहीत. कारभार इतका चोख झाला की यंदा दुसऱ्या तीन खात्यांची माणसं आमच्याकडून शिकायला येणार होती. 'आराखडा करताना आम्ही काय शिकलो' यावर भाषण मी करायचं होतं. त्या सकाळी मी तेच लिहीत बसले होते. 'यादी स्वच्छ असेल तर निर्णय स्वच्छ होतात' असं वाक्य टंकलं, मलाच आवडलं, आणि वर पाहिलं तर दारात एक म्हातारा उभा.

नदीकडच्या टप्प्यावर रस्त्याची डागडुजी करणाऱ्या टोळीचा तो मुकादम. अंगावर खात्याचं नारिंगी जाकीट, हातात चप्पल. फरशी नुकतीच पुसलेली होती म्हणून त्याने ती काढून घेतली होती.

"मॅडम, दीड तास बस करून आलोय. तुम्हीच चाळ... तुम्हीच यादीवाल्या मॅडम ना?"

"मीच चाळणी. बोला."

तो ओशाळला. मग त्याने फोन पुढे केला. "चार महिने झाले, तक्रार भरतोय. पुलाचा नंबर टाकला की मशीन म्हणतं, असा पूल नाही. आता पूल नाही तर मी उन्हातान्हात झाडतो काय?"

"नंबर काय टाकता?"

"पुलावर रंगवलाय तोच. चारशे सतरा ख."

मी यादी उघडली. चारशे सतरा होता. नदीवरचा पूल, स्थिती चांगली, यंदाच तपासणी झालेली, दुरुस्तीची गरज आठ वर्षांनी. नकाशावर हिरवा ठिपका. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, "हा बघा तुमचा पूल. ठणठणीत आहे."

"हा जाण्याचा, मॅडम. तो ठणठणीतच आहे. मी येण्याचा म्हणतोय."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळंच एकदम कळलं.

तिथे एक नव्हे, दोन पूल होते. शेजारी शेजारी, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. तीच नदी, तोच किलोमीटर, तेवढीच लांबी, बांधणीत दोन वर्षांचं अंतर. एक क, एक ख. सहा वर्षांपूर्वी या दोन ओळी माझ्यासमोर आल्या तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वेंधळ्या कारकुनाने एकच पूल दोनदा लिहिलाय. मी 'ख' पुसला आणि उरलेल्याचा 'क' काढून टाकला, दिसायला नीट दिसावं म्हणून. जागेवर जाऊन बघावं असं मनातही आलं नाही. असं खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवत आले होते.

"फोटो बघा," मुकादम म्हणाला.

पूल खांबावर जिथे टेकतो त्या जागेचा फोटो होता. काँक्रीट झडून गेलेलं, आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. फटीत त्याने स्वतःची मूठ घालून दाखवली होती, माप कळावं म्हणून. मूठ मनगटापर्यंत आत गेली होती.

"चार महिन्यांपूर्वी बोटं जायची," तो म्हणाला. "आता जड गाडी गेली की वरून भुगा पडतो. मी पोरांना खाली जेवायला बसू देत नाही."

माझा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर आहे, आणि त्याची बस रोज त्याच रस्त्याने जाते. सकाळी जाण्याच्या पुलावरून जायचं, दुपारी दीडच्या सुमाराला येण्याच्या पुलावरून परतायचं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. अजून तीन तास होते आणि तेवढे पुष्कळ आहेत असं मला वाटलं.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. साहेब माणूस वाईट नाही, फक्त कटकट नको असलेला आहे. फोटो बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आज बंद करायलाच हवा," मी म्हटलं.

"करा ना. आदेश काढा. मी सही करतो."

"आदेश नंबरावर निघतो, साहेब. या पुलाला नंबरच नाही. नवीन नोंद करायची तर समिती बसायला हवी. तीन आठवडे."

हा नियम माझाच होता. पुन्हा कुणी उठून दुबार नोंदी घुसडू नयेत म्हणून मीच भांडून करून घेतलेला.

साहेबांनी थोडा विचार केला. "चारशे सतरा टाका आणि शेऱ्यात लिहा, फक्त येण्याचा पूल बंद. काम झाल्याशी मतलब."

मला ते पटलं. आज मी स्वतःला विचारते की का पटलं, आणि उत्तर एवढंच येतं की मला ती गोष्ट लवकर मिटवायची होती. ती चूक माझ्या टेबलावर उघडी पडलेली मला बघवत नव्हती. मी आदेश टंकला. क्रमांक चारशे सतरा, जड व हलकी सर्व वाहतूक बंद, शेजारच्या मार्गाने वळवावी. शेऱ्यात दोनदा लिहिलं, 'फक्त येण्याच्या बाजूचा पूल'. सही झाली. आदेश वाहतूक वळवणाऱ्या ठेकेदाराच्या टोळीकडे गेला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

मुकादमाला चहा पाजला. तो म्हणाला, "एवढ्या झटक्यात काम झालेलं आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," आणि परतीच्या बसला गेला. भावाला फोन करावा असं वाटलं होतं, पण तो गाडी चालवताना फोन घेत नाही. म्हटलं, पूल बंद दिसला की त्याचं त्यालाच कळेल. मी पुन्हा भाषणाला बसले. ते स्वच्छ यादीचं वाक्य खोडलं, मग परत लिहिलं, मग परत खोडलं.

एक वाजून दहा मिनिटांनी मुकादमाचा फोन आला. मागे हॉर्नचा गदारोळ होता.

"मॅडम, यांनी चांगला पूल बंद केला!"

"काय?"

"जाण्याचा बंद केलाय! सगळी वाहतूक, दोन्हीकडची, येण्याच्या पुलावर सोडलीय. मी ओरडतोय, ते मला कागद दाखवतायत. कागदावर चारशे सतरा आहे आणि नकाशात ठिपका जाण्याच्या पुलावर आहे. ते तरी काय करणार?"

"शेरा! शेऱ्यात लिहिलंय बघा!"

"शेरा नाहीये, मॅडम. कागदावर शेरा कुठेच नाहीये."

नव्हताच. टोळीला जाणाऱ्या कागदावर शेरा छापला जात नाही. निरीक्षकांच्या त्या साहित्यसेवेला कंटाळून पाच वर्षांपूर्वी तो मीच काढून टाकला होता.

"गाड्या थांबवा," मी म्हटलं. "रस्त्यात आडवे व्हा, काहीही करा."

"इकडच्या तोंडाला थांबवल्यात. पण वर आधीच भरलाय. मध्ये बस अडकलीय, मागे पाइप लादलेला ट्रक आहे. कुणाला मागे सरकता येत नाही."

मी भावाला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला, म्हणजे गाडी उभी होती.

"तायडे, तुझ्या खात्याचा उद्धार चाललाय इथे," तो हसत म्हणाला. "चांगला पूल बंद करून सगळ्यांना एकावर कोंबलंय. कुठल्या शहाण्याने आदेश काढला गं?"

"तू पुलावर आहेस?"

"मधोमध. आणि ऐक, हा पूल हलतोय हां. गंमत नाही करत."

"सगळ्यांना उतरव. आत्ता. गाडी सोड आणि माणसांना चालत बाहेर काढ. एकदम धावू देऊ नकोस. तूही ये."

लहानपणापासून माझा आवाज त्याच्या ओळखीचा आहे.

"आदेश कुणी काढला?" त्याने परत विचारलं, पण आता हसत नव्हता.

"मी."

पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "चाळीस जण आहेत. आधी यांना उतरवतो. शिव्या नंतर देतो."

त्याने फोन चालूच खिशात टाकला. मी ऐकत राहिले. साहेब येऊन माझ्यामागे उभे राहिले होते, दुसऱ्या फोनवर कुणाकुणाला बोलावत होते. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. "आजी, पिशवी राहू दे. हात द्या. तुम्ही मुलाला उचला. कडेकडेने चला, घाई नको." किती शांत बोलत होता! घरी साधा चमचा सापडला नाही तर आकांडतांडव करणारा माणूस.

मी त्याच्या खिशातून पावलं मोजत होते आणि मोजदाद चुकत होती. मग मुकादमाचा आवाज जवळ आला. "झाले, सगळे आले, तुमचेच शेवटचे." माझा भाऊ धापा टाकत म्हणाला, "ट्रकवाला कुठंय?"

"तो उतरत नाही म्हणतो. माल टाकून येत नाही."

"असा कसा येत नाही?"

"नको जाऊस!" मी ओरडले. "अरे, तू ये बाहेर, नको जाऊस!" खिशातल्या फोनमधून माझा आवाज त्याला कितीसा गेला असेल, देव जाणे. पावलं पुन्हा सुरू झाली, या वेळी एकाच माणसाची, भराभर. ट्रकच्या दारावर थापा पडल्या. "उतर रे बाबा. पाइप काय, उद्या दुसरे मिळतील. चल, चल, पुढे हो, मी आहे मागे."

दार उघडलं. कुणीतरी खाली उडी मारली आणि पळालं. मी ऐकलं, ते पळालं. मग एक आवाज आला. तो मोठा नव्हता. जड कपाट फरशीवरून सरकवतात तसा, आणि त्याच्यानंतर काहीच नाही.

ट्रकवाला वाचला. चाळीसही वाचले. चौथ्या दिवशी मुकादम माझ्या घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाने शेवटी हात वर केला होता, चला म्हणून." त्याला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. घरात येणारा जो तो सांगत होता की माझा भाऊ किती धीराचा होता, आणि भावजय माझ्याकडे बघत होती. कसा गेला हे तिला मीच सांगितलं होतं, काहीही न लपवता. त्यावर ती एक शब्द बोलली नव्हती, आणि मला कुणीतरी काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. शिव्या तो देणार होता. तेवढा वेळ मी त्याला ठेवला नव्हता.