चढावरचा अर्धा तास

पिकअपच्या मागच्या चाकावरच्या पत्र्याचा गंज मास्तरांनी काचकागदानं घासून काढला, त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात मारला, आणि दुसरा मारायच्या आत बायकोनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"झाकायचं काही नाही," ती म्हणाली. "येणाऱ्याला डोळे आहेत, तो बघेल. तुम्ही फक्त बोलायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली. न बोलणं त्यांना किती जड जातं हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच सकाळपासून ती हे तिसऱ्यांदा बजावत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तीस वर्षं ते सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करत होते आणि सगळे त्यांना मास्तरच म्हणत. जुनी खुर्ची आली की आधी तिचं पोट फाडायचं, काथ्या बाहेर काढायचा, स्प्रिंगा दाबून बघायच्या आणि मग गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून खुर्चीची सगळी दुखणी एकेक करून दाखवायची, ही त्यांची पद्धत. पाय आतून पोखरलाय, याच्यावर नवं कापड चढवून पैसे कशाला घालवता, असं ते तोंडावर सांगत. निम्मी गिऱ्हाइकं विचार करून सांगतो म्हणून जात, ती जातच. पलीकडच्या खोलीत मशीनवर खोळी शिवणारी बायको हे सगळं ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. तुमच्या खरेपणावर घर चाललं असतं तर मी हे मशीन कधीच विकून टाकलं असतं, असं तिचं ठरलेलं वाक्य होतं.

नव्या पिकअपचा विषय चार वर्षांपूर्वी निघाला. शोरूममधल्या मुलीनं एक आकडा सांगितला, तो दोघांनी घरी येऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिला. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून आकडा गाठला, तर तो जागेवर नव्हताच. पोलाद महागलं होतं, धुराचे नियम बदलले होते, आणि वर गाडी मागे घेताना मागचं सगळं पडद्यावर दिसण्याची सोय झाली होती. मला मान वळवली की फुकटात दिसतं, तेवढे पैसे वजा करा, असं मास्तर म्हणाले. मुलगी मनापासून हसली, पण पैसे काही वजा झाले नाहीत. बिनपडद्याची साधी गाडी आता निघतच नाही, असं तिनं सांगितलं. दीड वर्षानं पुन्हा गेले, पुन्हा तेच. जिना चढत राहावं आणि वरचा मजला आणखी वर सरकत जावा, असं चाललं होतं.

आता पहिल्या तारखेपासून किंमत परत वाढणार होती. आज सत्तावीस. साठवलेल्या पैशांत जुन्या पिकअपचे पैसे घातले तर या वेळी आकडा कसाबसा हाताला लागत होता. नव्यांचे भाव चढले तशी जुन्यांनाही शिंगं फुटली होती, हे त्यांचं नशीब. चार दिवसांत ती चांगल्या भावानं गेली पाहिजे, नाहीतर हीही खेप फुकट.

जुन्या गाडीला खोड एकच, पण जन्माची. सपाटीवर ती लोण्यासारखी चालायची. मागे माल आणि पुढे चढ असला की तापायची आणि वाफ सोडत उभी राहायची. तीन मेकॅनिकांनी पंखा, पंप, रेडिएटर सगळं बदलून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. अर्धा तास थांबलं की ती आपली आपण निघायची, जणू काही झालंच नव्हतं. मास्तरांचं घर शहराच्या वरच्या अंगाला असल्यामुळे हा अर्धा तास महिन्यातून दोन-तीनदा त्यांच्या वाट्याला यायचाच. त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. नव्या गाडीचा हट्ट मुळात बायकोचा. शेजारणींना दाखवायची असेल, असं म्हणून मास्तर तिची थट्टा करत, आणि ती दोरा दातानं तोडून पुढची शिवण धरे.

गाडी बघायला दुपारी एक जोडपं आलं. नवरा फरशी बसवायचं काम करायचा. नखांच्या कडांना सिमेंट होतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, आता स्वतःचं काम सुरू करणार होता. त्याची बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमधून सुट्टी घेऊन आली होती आणि फारसं बोलत नव्हती. नव्या गाड्यांचे भाव ऐकून दोघं आधीच गारठलेली होती.

फरशीवाल्यानं बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, चाकांना लाथा मारून पाहिल्या. मास्तरांना घेऊन खालच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आला. त्या सगळ्या वेळात मास्तरांनी खिडकीबाहेर पाहत ओठ असे मिटून घेतले होते, की त्यांचा दात दुखतोय का असं त्यानं दोनदा विचारलं.

"काका," परत आल्यावर तो म्हणाला, "काही खोड बिड आहे का हिला?"

मास्तर खोकले. बायकोकडे न बघता त्यांनी आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"एकोणीस वर्षांची आहे," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं. फरशीवाला हसला आणि भावाचं बोलणं निघालं. ते बायकोनंच केलं, आणि चांगलं केलं. त्यानं थोडं खाली ओढलं, तिनं थोडं सोडलं, आणि मास्तरांनी मनात धरला होता त्यापेक्षा चांगल्याच आकड्यावर दोघं थांबली. कपाटाच्या दारावरचा आकडा पुरा होत होता. विसार द्यायला फरशीवाल्यानं खिशात हात घातला.

तेवढ्यात त्याची बायको पुढं आली. मास्तरांना नव्हे, मास्तरांच्या बायकोला तिनं जरा हळू आवाजात विचारलं.

"काकू, मला गाडीतलं काही कळत नाही. एवढंच सांगा, हिच्यामुळे माणूस वेळेवर घरी येतो ना?"

"येतो की," बायको म्हणाली.

मग तिनं बाहीला टोचून ठेवलेली सुई काढली, उजेडात धरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहीला टोचली. मास्तर ते बघत होते. सुईत दोरा नव्हता.

"नाही येत," ती म्हणाली.

फरशीवाल्याचा हात खिशातच राहिला.

"मागे माल असला की चढावर तापते. मध्येच थांबते. अर्धा तास लागतो, कधी पाऊण." ती त्या मुलीशीच बोलत होती, बाकी दोघं तिथं नसल्यासारखी. "उशीर व्हायला लागला की मी मशीन बंद करते. मशीन चालू असलं की वळणावरचा आवाज ऐकू येत नाही ना. मग बसायचं नुसतं. ट्रक जातात, दुसऱ्यांच्या गाड्या जातात. हिचा आवाज वेगळा आहे, तो कळतो. आला की मशीन चालू करते. हे आत येतात आणि म्हणतात, काय गं, अजून शिवतेच आहेस?"

ती थांबली. मुलीनं तिच्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मास्तरांना कुठं बघावं कळेना. हे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं होतं याला गणती नव्हती. वर ते पुढं म्हणत, मी मेलो तरी तुझी शिलाई थांबायची नाही. ते त्यांना विनोदी वाटायचं.

तरुण जोडपं जरा बाजूला जाऊन बोललं. मग फरशीवाला परत आला आणि विचार करून सांगतो म्हणाला. निघताना तो मास्तरांपाशी घुटमळला.

"तुम्ही बोलला नाहीत, काका."

"नाही बोललो," मास्तर म्हणाले. "चुकलं."

ती दोघं गेल्यावर बायको पायरीवर बसली. माझंच चुकलं, हातातोंडाशी आलेला घास घालवला, दुसऱ्याला गप्प बसवलं आणि स्वतः बडबडले, असं ती बोलत राहिली. मास्तर रंगाच्या डबीचं झाकण दाबून बसवत होते. ते बसलेलं होतं, तरी दाबत होते.

"कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय?"

"ते मशीनचं."

"त्यात काय सांगायचं?" ती उठली. "आणि सांगून गाडी थोडीच चढली असती."

फरशीवाल्याचा फोन आला नाही. नंतरच्या दोन दिवसांत आणखी दोघे येऊन गेले; मास्तरांनी दोघांनाही बॉनेट उघडून सगळं आजारपण आपल्या पद्धतीनं दाखवलं, आणि बायको मध्ये पडली नाही. एकानं जो भाव सांगितला त्यात नव्या गाडीची चाकं आली असती. एकतीस तारखेला शोरूममधल्या मुलीचा फोन आला, उद्यापासून नवा भाव लागू होतोय म्हणून. राहू द्या, मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी भेटू, आणि तुमच्या त्या पडद्याला माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडच्या आठ खुर्च्या दुरुस्तीला आणायच्या होत्या. मास्तरांनी त्या मागे रचल्या, दोरीनं आवळल्या आणि घराकडे निघाले. ऊन उतरायला लागलं होतं. चढाच्या मध्यावर काटा लाल रेघेच्या पार गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली, आणि गाडी नेहमीच्या लिंबाच्या झाडाखाली नेहमीसारखी थांबली.

मास्तरांनी चाकांना दगड लावले. एरवी ते सीटवर मागं रेलून डोळे मिटायचे. घरी फोन करायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. ती थोडीच येऊन ढकलणार होती, उगाच कशाला तिच्या कामात खंड. त्यांनी खिशातून फोन काढला, जरा वेळ नुसता हातात धरला, मग लावला.

"काय झालं?" तिनं एकदम विचारलं. ते कधी फोन करत नसत.

"काही नाही. चढावर थांबलोय. अर्धा तास लागेल."

पलीकडे मशीनचा आवाज नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

"बरं. ठेवतो मग."

"ठेवू नका लगेच."

मास्तरांनी फोन स्टिअरिंगसमोरच्या फळीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. किती खुर्च्या आहेत, तिनं विचारलं. त्यांनी आठ सांगितल्या, आणि मग दोघींच्या पाठी मोडल्यात, एकीचा पाय डुगडुगतोय, हेही सांगितलं. डॉक्टरांना सांगून आलात का, तिनं विचारलं. सांगून आलो, म्हणाले. ती हसली.

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मशीन सुरू झालं.

मास्तर ऐकत राहिले. ती गादीची खोळ शिवत होती. लांब सरळ शिलाई, मग थांबणं, कापड वळवून घेणं, पुन्हा सरळ शिलाई. एक कोपरा झाला. रस्त्यानं एक ट्रक खडखडत वर गेला, तेवढ्यापुरतं काही ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी फोन उचलून कानाला लावला. दुसरा कोपरा झाला.

काटा केव्हाच खाली आला होता. अजून दोन कोपरे बाकी होते, आणि मास्तरांनी किल्लीला हात लावला नाही.