अंधांसाठी नऊ ग्रह

सुधाकररावांना मी मूर्ख म्हणत नाही. मूर्ख माणसाला आदिलाबादच्या बाजारात कापसाची आडत चालवता येत नाही. पण कुणाचं भलं करायचं त्यांच्या मनात आलं की त्या माणसाने गाव सोडून पळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्क्याण्णव साली त्यांच्या मंडळाने आदिलाबादला विज्ञान दालन उघडलं. एक लांबट हॉल, त्यात काचेची कपाटं. एका कपाटात सांगाडा, एका कपाटात वाफेचं इंजिन, एका कपाटात नुसतीच ट्यूबलाइट. बटण दाबलं की भोंगा वाजे आणि ध्वनिलहरींचा पाठ संपे. आणि जिकडे तिकडे पाट्या: हात लावू नये. मराठीत, तेलुगूत, उर्दूत. तिन्ही भाषांना इतक्या समान मानाने या मंडळाने दुसरं काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी त्याच जिल्ह्यातल्या बोथ गावच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्या नववीच्या वर्गात मनकर्णा होती. चौथ्या वर्षी गोवरात तिचे डोळे गेले. बाप नव्हता. आई विठाबाई अंगणवाडीत मदतनीस होती आणि पोरीला रोज हाताला धरून शाळेत आणून सोडायची. पहिल्याच आठवड्यात मनकर्णाने मला विचारलं, "सर, पृथ्वी केवढी अस्ते? हातावर द्या ना." मी तिच्या तळहातावर ज्वारीचा दाणा ठेवला आणि म्हटलं, ही पृथ्वी. मग मोहरी दिली, हा बुध. लिंबू दिलं, हा गुरू. दुसऱ्या जरा लहान लिंबाभोवती बांगडी धरली, हा शनी. चार दिवसांत तिला नऊच्या नऊ ग्रह पाठ झाले. वर्गातली डोळस पोरं त्या वेळी खिडकीतून शेळ्या बघत होती.

पोरीला दहावीला विज्ञान घ्यायचं होतं. आमचे हेडमास्तर चंपतराव म्हणाले, "आंधळीले विज्ञान काऊन? गाणं देऊ तिले." आंधळं माणूस म्हणजे गाणारं, एवढंच त्यांना माहीत. मनकर्णाचा आवाज इतका फाटका की प्रार्थनेला तिला मागच्या रांगेत उभं करत. पण चंपतरावांनी तिच्या विषयांच्या फॉर्मवर गायन लिहून टाकलं. ते खोडून विज्ञान लिहायचं तर शिक्षण निरीक्षक भगवानरावांची सही हवी होती, आणि तीही महिनाअखेरच्या आत.

मी भगवानरावांकडे गेलो. ते म्हणाले, "हातानं वस्तू वळखून दाखवू द्या तिले. वळखल्या तर करतो दस्तखत." मला आनंद झाला. आदिलाबादला दालन होतंच. मी मंडळाकडे अर्ज केला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या. एक, तासभर कपाटं उघडून अंध मुलांना वस्तूंना हात लावू द्यावा. दोन, तेवढा वेळ भोंगा आणि लाउडस्पीकर बंद ठेवावा, कारण ज्याला दिसत नाही तो कानांवर चालतो आणि गोंगाटात खरोखर आंधळा होतो. तीन, गर्दी नसावी.

सुधाकररावांनी अर्ज वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हाच पळायला हवं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "आजलोक हे आपल्या ध्यानातच नाई आलं. सोहळा करू. आंधळ्या लेकराईचा विज्ञान सोहळा! पेपरवाले बलावू. कपाटाच्या वस्तू नाजूक अस्तेत, त्याईले कशाला हात लावाचा? आपण निर्मलहून खास ग्रह बनवून घेऊ. लाकडाचे. एक नंबर काम करतेत तिथले लोक."

हे मात्र मला पटलं. निर्मलच्या कारागिराच्या हातची लाकडाची फळं ज्याने पाहिली आहेत त्याला मी काही सांगायला नको. भगवानरावही म्हणाले, सोहळ्यातच परीक्षा घेऊ. मी बोथला येऊन मनकर्णाला सांगितलं. ती इतकी हरखली की घरी जाऊन आईच्या डब्यातल्या ज्वारी, मूग, मोहरीचे पुन्हा ग्रह मांडत बसली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दालनात गेलो. निर्मलचा कारागीर स्वतः पेटी घेऊन आला होता. आत लाल मखमल, मखमलीत नऊ खळगे, खळग्यांत नऊ गोळे. रंग असे की तोंड दिसावं. पृथ्वीवर समुद्र, मंगळावर तांबूस छटा, शनीभोवती सोनेरी कडं. ते कडं रंगाचं होतं. गोळ्यावरून बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. आणि नऊच्या नऊ गोळे एकाच मापाचे होते.

मी कारागिराकडे पाहिलं. तो बिचारा आधीच खाली बघत होता. "मैंने पूछा था सेठ को," तो म्हणाला. "बोले, सब एक साइज़ बनाओ, पेटी में बराबर बैठना चाहिए."

मी सुधाकररावांना म्हटलं, "अहो, गुरू पृथ्वीच्या अकरापट रुंद असतो. हे सगळे सारखेच लागतात हाताला. आंधळ्याला कळणार कसं?"

"मास्तर, तुमी लई खोलात जाता. आंधळ्याईले कोनतं दिसून राह्यलं? हाताले गुळगुळीत लागलं म्हंजे झालं. अन् पाहणाऱ्याईले तं चांगलं दिसलं पाह्यजे का नाई?"

म्हणजे आंधळ्यांसाठी केलेली वस्तू डोळसांना चांगली दिसली पाहिजे. हे वाक्य मी इतकी वर्षं मनात धरून आहे आणि अजून त्याला उत्तर सुचलेलं नाही, कारण ते इतकं खरं आहे. मंडळ, सोहळा, मखमल, सगळं बघणाऱ्यांसाठीच होतं.

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. 'ग्रहांचे नमुने तपासले, शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहेत.' खाली विज्ञान शिक्षकाच्या सहीची जागा. म्हणाले, "उद्या पाहुणे येऊन राह्यले, आता कुठं बदलता? करून टाका." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते हसले आणि चहा मागवला. मी सही केली. मनाशी म्हटलं, भगवानराव ग्रहांचं कशाला विचारतील, दुसरं काही विचारतील. असली समजूत घालण्यात मी पटाईत आहे.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या दाराशी बँड उभा होता. होय, बँड. लग्नातला, लाल कोटवाला. त्याच्या वर लाउडस्पीकर. फाटकाला बाणाची मोठी पाटी: अंध बांधवांसाठी रस्ता इकडून. कुठल्याशा वसतिगृहातली आठ आंधळी मुलं जीपमधून आणली होती. त्यांना आल्या आल्या काळे चष्मे वाटले, म्हणजे फोटोत ती आंधळी दिसतील. मनकर्णाने चष्मा हातात घेऊन विचारलं, "हे कायले?" कुणीतरी तो तिच्या नाकावर चढवून दिला.

मग भाषणं. ज्ञानाचा प्रकाश या शब्दांनी चार भाषणं सुरू झाली आणि त्याच शब्दांनी संपली. दोन भाषणांच्या मध्ये उत्साही कार्यकर्ते भोंग्याचं बटण दाबून ध्वनिलहरींचं प्रात्यक्षिक करत. लहानगा एक मुलगा कान दाबून रडायला लागला, तर त्याला बाहेर नेलं आणि सांगितलं की त्याला बरं नाही. मनकर्णा माझ्या बाहीला घट्ट धरून होती. एरवी नुसत्या पावलांवरून माणूस ओळखणारी पोर मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "सर, तुमीच हा ना?"

"मीच आहे," मी म्हणालो.

शेवटी पेटी आणली. भगवानराव टेबलाशी बसले. विठाबाई भिंतीशी पदर धरून उभी राहिली. पेपरवाल्यांनी कॅमेरे सरसावले, कुणीतरी माइक पुढे केला.

"सांग बेटा," भगवानराव म्हणाले, "यातला गुरू कोनता?"

ग्रहांचंच विचारलं. मनकर्णाने पहिला गोळा उचलला. दोन्ही तळहातांत फिरवला. ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. वजन करून पाहिलं, नखाने टकटक केली, एक तर नाकाशीही नेला. नऊ झाले. परत पहिल्यापासून सुरू केलं. मागून कुणीतरी हसलं.

मग ती ताठ उभी राहिली. "साहेब, यात गुरू नाई. हे नऊबी एकच हायेत. पृथ्वी ज्वारीएवढी असंल तं गुरू लिंबाएवढा पाह्यजे. शनीले कडं पाह्यजे, हाताले लागंल असं. ज्यानं हे बनवाले सांगतलं त्याचं चुकलं."

लाउडस्पीकर चालू होता. हे वाक्य फाटकापर्यंत गेलं आणि बँडवाल्यांनीही ऐकलं. त्या दिवसभरात त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं विज्ञानाचं एकमेव वाक्य ते. मला वाटलं, आता टाळ्या पडतील. इतका मी भोळा. सुधाकररावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यांनी खिशातून कागद काढून भगवानरावांपुढे ठेवला.

भगवानरावांनी तो वाचला आणि मान वर केली. "मास्तर, हे दस्तखत तुमचं ना?"

"हो साहेब."

"मंग सांगा सगळ्याईले. नमुने बरोबर हायेत का चूक?"

मनकर्णाने मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट हसू होतं. तिला माहीत होतं, सर आता सांगतील.

एका शब्दाचं काम होतं. माझी नोकरी गेली नसती. कुणी मला मारलं नसतं. फार तर सुधाकररावांनी चार दिवस मला नावं ठेवली असती. या लोकांना मी आयुष्यभर नावं ठेवत आलो, आणि त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते त्यांच्यातल्या कुठल्याही खुशमस्कऱ्याच्या तोंडून निघालं असतं.

"बरोबर आहेत, साहेब."

मनकर्णाचं हसू लगेच गेलं नाही. तिला आधी कळलंच नसावं. मग तिने हात पुढे केले, पेटी चाचपली आणि पुन्हा एकेक गोळा दाबून पाहायला लागली, घाईघाईने. एका कार्यकर्त्याने तिच्या हातातून गोळा काढून मखमलीत ठेवला. भगवानरावांनी फॉर्मवर लिहिलं, वाचूनही दाखवलं: मुलीस वस्तू हाताने ओळखता येत नाहीत, विज्ञान विषयास योग्य नाही, गायन कायम. नंतर आंधळ्या मुलांना सोहळ्याची आठवण म्हणून काचेच्या फ्रेममधली चित्रं वाटली. मनकर्णाच्या हातात हरणाचं चित्र आलं. तिने काचेवरून हात फिरवला.

बसस्टँडवर आम्ही तिघं बाकावर बसलो. विठाबाईला साहेबांचं सगळं समजलं नव्हतं, पण पोरीच्या तोंडावरचं समजलं होतं. बोथची बस लागायला वेळ होता. मनकर्णा म्हणाली, "सर, माह्ये बोटं बिघडले का हो?"

"काय?"

"तुमी बरोबर म्हणले ना. म्हून मी पुन्हा पाह्यलं. म्हणलं, सर खोटं नाई बोलनार. मंग मलेच कळून नाई राह्यलं असंल. आता ज्वारी हातात घेतली तरी मले खरं वाटंल का?"

मी आजवर अनेकांचा तिरस्कार केला आहे. त्या बाकावर मला पहिल्यांदा कळलं की तो मी किती स्वस्तात करत होतो. मी तिला सगळं सांगितलं. पेटी, सही, चहा. तुझी बोटं बरोबर होती, मी खोटं बोललो.

ती रडली नाही. तिने विचारलं, "साहेब तिथंच असतीन का अजून?"

"असतील. जेवण आहे त्यांचं."

"मंग चला. जेवताजेवताच सांगा त्याईले. फॉर्म त्याईच्यापाशीच असंल." ती उभी राहिली. "चला ना सर. चूक झाली असं म्हणाचं, दुसरं काय?"

विठाबाईही उभी राहिली. तिने काळा चष्मा आणि ते हरणाचं चित्र बाकावरच ठेवून दिलं आणि पोरीचा हात धरला. दोघी माझी वाट पाहत होत्या. तेवढ्यात बोथची बस फलाटाला लागली. लोक धावले.

"बस आली," मी म्हणालो.

मनकर्णा म्हणाली, "तुमी जा, सर. आमी दोघी सांगून येतो." विठाबाईने मला वाकून नमस्कार केला, नेहमी करायची तसा, आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या. दालन तिथून पाऊण मैल होतं. मनकर्णाच पुढे चालत होती.

मी बसमध्ये चढलो. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला आणि त्याने तेलुगूत विचारलं, किती जण.

मी म्हणालो, एकच.