कुठे बसायचं

आईने तडजोडीचा मसुदा न वाचताच टेबलावरून परत सरकवला.

"निदान वाचून तरी बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"वाचायचं काय त्यात? मुलीला त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसवणार, हेच ना? मागच्या बैठकीतही तेच होतं. खोलीला नाव तेवढं नवं दिलं असेल."

शाळा आणि पालक यांच्यात समेट घडवायला नेमलेल्या मध्यस्थबाईंनी पाण्याचा ग्लास आईपुढे केला. आईने तो उचलला नाही.

मुलगी सातवीत होती. बोलण्यात तरतरीत, ऐकलेलं सहसा विसरत नसे. पण छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागेवर थांबत नसत. ती एका ओळीशी झटत असताना वर्ग पान उलटून पुढे गेलेला असे. शाळेचं म्हणणं, अशा मुलांसाठी वेगळी खोली आहे, तिथे तिने बसावं. आईचं म्हणणं, मुलगी वर्गातच बसेल आणि तिच्या शेजारी दिवसभर मदतनीस बसेल. गेल्या महिन्यात भांडून तिने तशी मदतनीस काही दिवसांपुरती मिळवलीही होती. आता ती कायमची हवी होती.

"पदरात पडलं ते पवित्र म्हणावं," बाबा हळूच म्हणाले.

"तुमच्या पदरात पडलंय. तिच्या नाही."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"मुलगी बाहेर बसली आहे ना?" मध्यस्थबाईंनी विचारलं. "तिला कोणी विचारलंय?"

"तिचंच तर सांगतेय मी," आई म्हणाली.

"आम्हीही तिच्याच भल्याचं सांगतोय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

मध्यस्थबाईंनी हाक मारली तशी मुलगी आत आली आणि दाराशीच उभी राहिली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"त्या खोलीत मी जाणार नाही. तिथे मला पहिलीची चित्रं रंगवायला देतात."

आईने मान ताठ करून मुख्याध्यापिकांकडे पाहिलं.

"आणि मदतनीस ताई पण नकोत."

"अगं, असं काय बोलतेस? त्यासाठी मी किती..."

"माहितीये. पण त्या शेजारी बसल्या की माझ्याशी कोणी बोलतच नाही. मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. डबासुद्धा मी त्यांच्याबरोबरच खायचे."

"घरी का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खूश होतीस."

आईने ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मग तू शिकणार कशी?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बाई धडा मोठ्यानं वाचतात तेव्हा मला सगळं कळतं. परीक्षेतही प्रश्न कोणीतरी वाचून दाखवा. उत्तरं मी तोंडी सांगेन."

"तोंडी परीक्षा आपल्याकडे होत नाही, बाळ."

"मग सुरू करा," आई म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे मदतनीसाची मागणी तुम्ही सोडलीत?"

बाबांनी आईकडे पाहिलं. या वेळी ते काही सुचवत नव्हते.

"मागणी सोडली," ती म्हणाली. "भांडण नाही. वर्गात बसणं आणि तोंडी परीक्षा, दोन्ही मिळेपर्यंत मी येत राहणार."

मध्यस्थबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"ठीक आहे, बघू या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण आता मोठ्या माणसांना बोलू दे. बाळ, तू बाहेर बस."

मुलगी हलली नाही.

"ती कुठे बसणार, ते तिला विचारा," आई म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स तिने उचलली.

मुलगी पुढे आली. त्या खुर्चीवरून तिने नुसता हात फिरवला, मग ती रिकामीच ठेवून पलीकडची खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

आईने पर्स परत मधल्या खुर्चीवर ठेवली नाही. ती तशीच मांडीवर धरून तिने मध्यस्थबाईंना म्हटलं,

"लिहा. ती सांगेल तसं."