वाचनयंत्राची पूजा

वाचनयंत्र शाळेत आलं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आणि खोक्यातून बाहेर निघालं डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. मधले दिवस ते उद्घाटनाची वाट पाहत कपाटात होतं. संस्थेचे अध्यक्ष रामप्रसाद अण्णा यांना सवड नव्हती. आधी पोळा, मग गणपती, मग भाच्याचं लग्न. अण्णांचा हात लागल्याशिवाय शाळेत नव्या माठातलं पाणीसुद्धा कुणी पीत नसे.

यंत्र ज्या एकुलत्या एका विद्यार्थिनीसाठी आलं होतं, ती सत्यशीला दहावीत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ब्रेलची पुस्तकं सातवीपर्यंत मिळाली, पुढे आलीच नाहीत. आठवी-नववी तिला वर्गातल्या कोमलनं वाचून दाखवली. जूनमध्ये कोमलच्या वडिलांनी नांदेडला बिऱ्हाड हलवलं आणि सत्यशीलाच्या दप्तरातली पुस्तकं नुसतं ओझं होऊन राहिली. वर्गात सर बोलतील तेवढंच तिच्या पदरात पडे, आणि सर फार बोलत नसत. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

दर सोमवारी ती मुख्याध्यापक शिवशंकर सरांच्या दारात उभी राही. दर सोमवारी सर म्हणत, "महागाची वस्तू आहे बाई. उद्घाटन होऊ दे."

तर आज ते होत होतं. मांडव घातला होता, माईक होता, कुरुंद्याहून हार आले होते. शेरडं शेजारणीच्या हवाली करून सत्यशीलाची आई सिंधूबाई पहिल्या रांगेत बसली होती. सत्यशीला स्टेजवर, यंत्राशेजारच्या खुर्चीत. भाषणं सुरू होती तेवढ्यात तिनं यंत्र हातानं चाचपून घेतलं. टेबलावरच्या दिव्यासारखी खाली वाकलेली मान, टोकाला वाटोळी काच. काचेखाली कागद ठेवायचा, बुडाशी असलेलं मोठं बटण दाबायचं, की यंत्र तो मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतं. जूनपासून तिला हवं होतं ते एवढंच.

दीड तास झाला तेव्हा अण्णा उठले. नारळ फुटला. उदबत्तीचा वास आला.

"ह्याचा डोळा कोणता म्हणायचा, सर?" अण्णांनी विचारलं.

"ही काच, अण्णा."

"मंग पूजा डोळ्याचीच." अण्णांनी चिमूटभर हळद घेतली, पाण्यात कालवली आणि काचेवर ठासून लावली. वर कुंकू. टाळ्या पडल्या. एकाही मास्तराला काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटण्यासाठी त्यांना पगार नव्हता.

"आता आपली सत्यशीला धडा वाचून दाखवेल," सरांनी माईक यंत्राजवळ सरकवला.

तिनं इतिहासाचं पुस्तक काचेखाली उघडून ठेवलं, बटण दाबलं. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "मजकूर आढळला नाही. कृपया कागद नीट ठेवा."

पुन्हा दाबलं. "मजकूर आढळला नाही."

मांडवात खसखस पिकली. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा अण्णांची खुर्ची करकरली. "पोरीला शिकवलं न्हाई का हो?"

"घाबरली ती, अण्णा," सर घाईनं म्हणाले. "यंत्र उत्तम आहे. आपण असं करू, सध्या कपाटात ठेवू. कंपनीचा माणूस आला की हिला पंधरा दिवस ट्रेनिंग देऊ."

"कधी येतो तो माणूस?" सत्यशीलानं विचारलं.

"येईल की. मार्चपर्यंत येईल."

मार्चमध्ये परीक्षा संपत होती. सत्यशीलानं हात वर नेऊन काचेवर बोट फिरवलं आणि नाकाशी धरलं.

"सर, त्याच्या डोळ्यात हळद हाय. त्याला दिसंना. पुसू का?"

"ए! हात लावू नको!" सर ओरडले. "पूजेची हळद आहे. अण्णांच्या हातची. ती त्याच दिवशी पुसत नसतात."

"मंग आज त्यानं वाचायचं कसं?"

"आज उद्घाटन आहे!" सर म्हणाले. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं.

पहिल्या रांगेतून सिंधूबाई उठली. "सर, आमी नवी शेळी आणली की तिलाबी हळद लावतो. पर कपाळाला लावतो. डोळ्यात कोंबून, ही काहून ठेचकाळून राहिली म्हणून तिलाच न्हाई हाणत."

आता मांडव उघड हसला. अण्णाही हसले, कारण हसले नसते तर ते एकटेच उरले असते. तेवढ्यात सत्यशीलानं समोरच्या बाटलीतलं पाणी ओढणीच्या टोकाला लावून काच पुसली, कोरड्या टोकानं पुन्हा पुसली. पुस्तक घ्यायला हात फिरवला, तर ते सरांनी आवरून ठेवलं होतं. हाताला एक सुटा कागद लागला. तिनं तोच काचेखाली सरकवला आणि बटण दाबलं.

माईक चालूच होता. यंत्रातली बाई खणखणीत वाचू लागली.

"प्रसिद्धीसाठी. कुमारी सत्यशीला हिने यंत्राच्या साहाय्याने अस्खलित वाचन करताच उपस्थितांचे डोळे पाणावले. सत्यशीलाने रामप्रसाद अण्णांचे साश्रू नयनांनी आभार मानले. परीक्षा जवळ आल्याने, अण्णांच्या सूचनेवरून, सदर यंत्र तिला घरी वापरण्यासाठी तत्काळ सुपूर्द करण्यात आले."

सरांनी कागद ओढला. बाई म्हणाली, "मजकूर आढळला नाही."

कुणी हसलं नाही. सगळे अण्णांकडे पाहत होते.

"हे पेपरला गेलं का?" अण्णांनी हळू आवाजात विचारलं.

"सकाळीच पाठवलं, अण्णा. त्यांचं पान लवकर लागतं. मी आपलं चांगलं दिसावं म्हणून..."

"मी तर रडले न्हाई," सत्यशीला माईकमध्ये म्हणाली. "तेवढं खोटं राहू द्या. बाकीचं खरं करा. यंत्र द्या."

अण्णा माईक आपल्याकडे ओढून म्हणाले, "आमी सकाळीच सांगितलं होतं सरांना. द्या म्हणून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं बोलल्याबद्दल अण्णांना टाळ्या नेहमीच मिळत. खोट्यातून कुणाचं भलं होण्याची मात्र ही पहिलीच खेप होती.

मांडव रिकामा झाला. सिंधूबाईनं यंत्र पदरात गुंडाळलं. सर आडवे आले.

"चार्जर कपाटात आहे. किल्ली शिपायाकडे आहे, तो वसमतला गेला. सोमवारी न्या."

"सर," सत्यशीला म्हणाली, "किल्ल्या तुमच्या खिशात वाजून राहिल्या."

सर जागीच उभे राहिले. आवाज थांबला.

"आता न्हाई वाजत," सिंधूबाई म्हणाली आणि यंत्र मांडीवर घेऊन कपाटासमोर फतकल मारून बसली. "उघडा. आमाला घाई न्हाई, पर शेरडं पाण्यावर न्यायची हायेत."

सरांनी कपाट उघडलं.